हा उजेड नेमका कोणत्या ताऱ्याचा?

"सर, गुरूपेक्षा मोठा निघाला!" विद्यार्थिनीने लॅपटॉप पुढे सरकवला. इतर ताऱ्यांचे ग्रह शोधणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीच्या एका सेक्टरचा, म्हणजे आकाशाच्या एका पट्ट्याच्या २७ दिवसांच्या नोंदीतला प्रकाशवक्र, ताऱ्याच्या उजेडाचा आलेख. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की उजेड घटतो आणि आलेखात खड्डा पडतो. इथे दर ३.१ दिवसांनी एक असे आठ खड्डे, खोली ०.९ टक्के, प्रत्येक साधारण तीन तासांचा. तारा साडेदहाव्या प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद), त्रिज्या सूर्याच्या १.४ पट. खोलीचं वर्गमूळ घेऊन ताऱ्याच्या त्रिज्येने गुणलं की गुरूच्या १.३ पट ग्रह येतो. गणित बिनचूक होतं. फक्त सगळा उजेड एकाच ताऱ्याचा, हे न विचारताच धरून चाललेलं.

टेसचा एक पिक्सेल आकाशातल्या २१ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) व्यापतो. गाया उपग्रहाने केलेल्या ताऱ्यांच्या यादीत पाहिलं तर त्याच चौकोनात १२ विकलांवर साडेचौदाव्या प्रतीचा आणखी एक तारा. लंबन, ज्यावरून ताऱ्याचं अंतर कळतं, एकाचं ४.१ आणि दुसऱ्याचं ४.० मिलिविकला; निजगती, म्हणजे आकाशात हळूहळू सरकण्याची गती, तीही जुळणारी. म्हणजे खरीच जोडी, आपल्यापासून सुमारे ८०० प्रकाशवर्षांवर.

"पण तो तर चाळीस पट मंद आहे. तो काय बिघडवणार?"

मंद आहे म्हणूनच बिघडवतो. पिक्सेलमधल्या ४१ भाग उजेडात त्याचा वाटा एक भाग, सुमारे २.४ टक्के. तो स्वतःच ४० टक्क्यांनी झाकला गेला, तर एकूण उजेड १ टक्क्याने उतरतो, आणि ती घट मोठ्या ग्रहाच्या अधिक्रमणासारखीच, म्हणजे तो तेजस्वी ताऱ्यासमोरून गेल्यासारखीच दिसते. जोडताऱ्यांत खरा ग्रह असला तरी हिशेब चुकतोच: दोन्ही तारे सारखे तेजस्वी असतील तर खड्डा निम्मा दिसतो आणि ग्रहाची त्रिज्या १.४ पट कमी धरली जाते.

तिच्या प्रोग्रॅमने आठही खड्डे एकावर एक रचून सरासरी काढली होती. मी विषम आणि सम वेगळे करायला सांगितले. विषम चार ०.९८ टक्के, सम चार ०.८६, मोजणीतली चूक ०.०२ च्या आसपास. ग्रहाचा खड्डा असा एकाआड एक बदलत नाही. खरा आवर्तनकाळ ६.२ दिवस, आणि दोन तारे आळीपाळीने एकमेकांना झाकत होते. दुसरा पुरावा केंद्रबिंदूचा. खड्ड्याच्या वेळी उजेडाचं केंद्र मंद ताऱ्यापासून दूर, पिक्सेलच्या अर्ध्या शतांशाएवढं सरकत होतं, म्हणजे उतरत होता तो मंद ताराच. एका फ्रेममध्ये हे दिसणार नाही, सगळे खड्डे मिळवल्यावरच दिसतं.

खात्री लोकमान्य नगरातल्या गच्चीवरून करायची ठरली. इंदूरच्या उजळ आकाशातून १ टक्क्याची घट पकडणं जिकिरीचं, पण मंद ताऱ्यातली ४० टक्के घट ८ इंची दुर्बिणीलाही दिसते. वेळेचा घोळ मात्र होता: टेसची नोंद दोन वर्षं जुनी, मधे ११८ आवर्तनं. प्रत्येकात एका मिनिटाची चूक धरली तरी दोन तास होतात, म्हणून अपेक्षित वेळेच्या तीन तास आधीपासून बसलो. टेसच्या वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वकेंद्रावरच्या असतात; त्या भारतीय वेळेत आणताना प्रकाशाच्या प्रवासामुळे पडणारा आठेक मिनिटांपर्यंतचा फरक विसरायचा नाही, तो वेगळा.

आणखी एक गोष्ट. तेजस्वी ताऱ्याचं अधिक्रमण टिपताना फोकस मुद्दाम थोडा बिघडवतात. इथे तसं केलं असतं तर दोन्ही तारे एकमेकांत मिसळले असते. त्यामुळे फोकस अगदी धारदार, एकेक मिनिटाच्या फ्रेम, मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ४ विकला. मोठ्या ताऱ्याची प्रभा वजा करायला त्याच्या पलीकडच्या बाजूला, तेवढ्याच अंतरावरचं आकाश मोजलं. आकाशाचा उजेड मोजायला मंद ताऱ्याभोवतालचं नेहमीचं कडं घेतलं असतं तर मोठा तारा त्यातच आला असता.

एकच्या सुमारास मंद तारा उतरू लागला. अपेक्षेपेक्षा ३५ मिनिटं उशिरा, तळाशी ३८ टक्के कमी. शेजारचा तेजस्वी तारा सपाट. म्हणजे दोन नव्हे, तीन तारे: मंद ठिपका स्वतःच जोडी.

"मग या जोडीभोवतीच फिरणारा ग्रह असू शकेल ना?"

असू शकतो. २०११ मध्ये जाहीर झालेला केप्लर-१६बी तसाच, ४१ दिवसांच्या जोडीभोवती २२९ दिवसांत फिरणारा. पण झाकणारे तारे स्वतःच हलत असल्यामुळे त्याचे खड्डे ठरलेल्या वेळी येत नाहीत, शिवाय २७ दिवसांच्या नोंदीत असा ग्रह एखाद्याच वेळी दिसेल. ठरावीक आवर्तन शोधणारा प्रोग्रॅम तिथे कुचकामी.

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही ग्रहणं वजा करून उरलेली रेघ काढली, आणि ती एकेक दिवसाची पानं करून डोळ्यांनी चाळायला बसली.