पारिजात बघायला गेलो आणि निघाली गोरखचिंच

लखनौचे दोन दिवस मस्त गेले, अयोध्येत गर्दीने जीव नकोसा झाला, पण लिहायचंय ते किंतूरबद्दल. बाराबंकी जिल्ह्यातलं गाव, कुंतीवरून नाव पडलं म्हणतात. तिला महादेवाला वाहायला फुलं हवी होती म्हणून अर्जुनाने स्वर्गातून आणलेला पारिजात तिथे आहे, हे कुठूनतरी आईच्या कानावर आलं आणि तिने जे लावून धरलं! डिसेंबर होता, तरी चार फुलं मिळतीलच म्हणून पांढरा रुमाल धुऊन घेतलेला, कारण प्राजक्त हे एकच फूल जमिनीवरून उचलून देवाला चालतं.

गाडीतून उतरलो तर समोर कठड्याच्या आत हत्तीच्या पायासारखं राखाडी खोड, वर एक पान नाही. आई गप्प. मग म्हणाली, "अगं, ही तर गोरखचिंच!"

आम्ही वसईचे, किल्ल्यातल्या गोरखचिंचा बघत वाढलो, आम्हाला काय सांगता. बाओबाब, मूळचा आफ्रिकेतला. मी निघण्याआधी एक फोटो गूगल केला असता तर एवढी टॅक्सी पडली नसती, ती चूक माझीच.

पण आई ऐकते का, तिथल्या प्रसादवाल्या काकांशीच भांडायला लागली. काका म्हणे, माताजी, असली पारिजात यही है, रात को सफेद खिलता है, सूखे तो सुनहरा. आई म्हणे, आमचाही रात्रीच फुलतो, पण केशरी देठ कुठाय? आणि सत्यभामेच्या दारातल्या झाडाची फुलं रुक्मिणीच्या अंगणात पडली ती कशी? त्याला कुंपणावरून वाकणारं झाड लागतं, हे धूड लावलं तर शेजारणीला घरच उरायचं नाही! काका खो खो हसले, आम्हाला दोन पेढे जास्त दिले.

गाडीत मी शहाणपणा केला, की प्राजक्ताच्या शास्त्रीय नावातच 'दुःखी झाड' आहे, आणि गोष्टही तशीच, सूर्याच्या प्रेमात पडलेल्या राजकन्येने स्वतःला जाळून घेतलं, तिच्या राखेतून ते उगवलं, म्हणून ऊन यायच्या आत फुलं टाकून देतं. आई म्हणाली, "दुःखी कसलं, रोज पहाटे वाकून वेचणाऱ्याच्या कमरेला विचार."

निघताना नमस्कार मात्र दोन्ही हात जोडून केला होता तिने, वर माझ्याकडून एक्कावन्न रुपये घेऊन ठेवले. म्हटलं, गोरखचिंचेला? तर म्हणे, "कुंतीला गं."