एक वळसा कापला आणि म्हातारी डाव्या कुशीवर झोपली

कापली. एकदाची कापली. म्हातारी म्हणजे माझी जुनी गाडी, तिला खाली आणायला पुढच्या दोन्ही कॉइल स्प्रिंगांचा एकेक वळसा कापला. जॅक काढला, दोन पावलं मागे सरकलो, आणि बघतो तर म्हातारी कलंडलेली. नाक खाली आलंय, ऐटदारही दिसतंय, पण डावं मडगार्ड उजव्याहून १४ मिमी खाली. साडेचार सूत. लांबून बघणाऱ्यालाही कळावं इतकं.

म्हणून हे लिहायला एवढा उशीर. मागच्या लेखात पंधरा दिवसांत पुढचं लिहितो म्हणालो होतो, सात आठवडे झाले आणि त्यातले सहा त्या १४ मिमीने खाल्ले.

कापण्याचं काम तासाभराचं. ग्राइंडरला पातळ कटिंग व्हील, शेजारच्या वळशाभोवती ओलं फडकं, मध्ये मध्ये थांबत. गॅस कटरचं नावही काढू नका. लाल झालेल्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाचा ताठा, उतरतं आणि तो वळसा पुढे बसत जातो. पूर्ण एकच वळसा काढला, अर्धा-पाऊण नाही. पूर्ण वळसा गेला की कापलेलं टोक मूळ टोकाच्याच दिशेला येतं आणि आर्मवरच्या (चाक धरणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) खाचेच्या पायरीशी नीट टेकतं. डाव्या बाजूला वरच्या बैठकीतून गंजाने फुगलेली एक जाड चकती निघाली. उजवीकडे तसलं काही नव्हतं. आधीच्या मालकाच्या कारभाराचे नमुने मी इतके पाहिलेत की आता आश्चर्य वाटत नाही. टाकली भंगाराच्या डब्यात.

स्प्रिंग दाबायच्या आकडेवाल्या क्लॅम्पबद्दल एकदाच बोलतो. बाहेरून दोन बाजूंना अडकवायचे ते आकडे अशा बुटक्या स्प्रिंगवर हमखास सरकतात. माझा एक सरकला, तेव्हा स्प्रिंग जेमतेम दबली होती म्हणून निभावलं. त्यानंतर स्प्रिंगच्या पोटातून जाड आट्यांचा रॉड, खाली-वर जाड पट्ट्या, आणि नट हळूहळू सोडायचा. वेळ तिप्पट लागतो, बोटं दहाच्या दहा राहतात.

आता हिशेब. वळसा कापला की गाडी किती उतरेल, तर मागच्या वेळी मी ‘४१ मिमी’ असं छातीठोक लिहिलं होतं. तार १३ मिमी, वेटोळ्याचा सरासरी व्यास ९५, कामाचे वळसे आठ. स्प्रिंग स्टीलचा जी (पीळ घ्यायला धातू किती विरोध करतो तो आकडा) ७९,००० धरला की कडकपणा येतो साधारण ४१ न्यूटन प्रति मिमी, सात वळशांवर ४७. मोकळ्या स्प्रिंगमध्ये एका वळशापासून दुसऱ्यापर्यंत ३३ मिमी, म्हणून सगळे समजतात की स्प्रिंग ३३ ने आखूड झाली. तसं नाही. गाडीचं वजन अंगावर असताना प्रत्येक वळसा साडेदहा मिमी दबलेला असतो. वजन तेच, म्हणून उरलेले सातही तेवढेच दबतात. कमी होतो तो एक दबलेला वळसा, म्हणजे साडेबावीस. आता आर्म: आतल्या पिनेपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंत १८७, बाहेरच्या टोकापर्यंत ३४०, गुणोत्तर ०.५५. साडेबावीसला ०.५५ ने भागा, आले ४१.

प्रत्यक्षात उजवी बाजू उतरली ४३, डावी ५७. मी खूश. उजवी हिशेबाबरहुकूम, तेव्हा बिघाड डावीकडेच, असं गृहीत धरलं. इथेच माती खाल्ली.

पहिला संशय माझ्याच हातावर. डावी जास्त कापली गेली असेल. दोन्ही स्प्रिंगा परत काढल्या, सपाट लादीवर उभ्या केल्या: एक २५७, दुसरी २५८. तरी अदलाबदल करून बसवल्या. डावी बाजू जिथल्या तिथे खाली. स्प्रिंगा निर्दोष.

दुसरा संशय बुशवर, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी नळीवर, आणि इथे थोडं यश आलं. उजव्या आर्मचे नट मी चाक लोंबकळत असतानाच आवळले होते. रबरी बुश त्या स्थितीत आवळला की गाडी खाली येताना रबर पिळलं जातं आणि आर्मला वर न जाऊ देता धरून ठेवतं. चाकं जमिनीवर, नट सैल, बोनेटवर दोन्ही हातांनी दहा-बारा दणके, मग पुन्हा आवळले. उजवी बाजू ३ मिमी खाली आली. फरक १४ वरून ११. त्या रात्री झोप बरी लागली. सकाळी लक्षात आलं की उजवी आता ४६ उतरलीय, म्हणजे फरक कमी झाला पण हिशेब आणखी चुकला. दोन्ही बाजू ४१ च्या खाली! हे वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि पुढे गेलो. रेघा मारून उपयोग काय, विचार करायला हवा होता.

तिसरा संशय अँटी-रोल बार वाकडा असल्याचा. (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलंडणं कमी करणारा दांडा.) दोन्ही टोकांच्या लिंका सोडल्या. फरक कमी होण्याऐवजी ११ चा १३ झाला. मी वैतागून लिंका परत लावल्या. आज वाटतं, उत्तर तिथेच समोर उभं होतं. बार गाडीला कलंडवत नव्हता, उलट सावरत होता. कलंडवणारं दुसरंच कोणीतरी होतं.

मग एक रविवार नुसता बसून बीटलवाल्यांचा हेवा केला. त्यांच्याकडे मागे स्प्रिंगऐवजी पीळ घेणारा दांडा, टॉर्शन बार; त्याला आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता पुढे, बाहेर एक मागे, की पाऊण अंशाहून किंचित जास्त फरक पडतो. कापाकापी नाही, चुकलं तर परत फिरवा. जुन्या मिनीवाल्यांकडे तर कॉइलच नाही, रबराचे कोन. असो.

टेप हातात होती म्हणून सहज मागचं मडगार्ड मोजलं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. तिथेही डावी बाजू ११ मिमी खाली.

आता यात नवल काही नाही. बॉडी कडक आहे, पुढून जेवढी कलंडेल तेवढीच मागून कलंडणार. डगमगत्या खाटेसारखं: कुठला पाय तोकडा हे वरून बघून कळत नाही. पण म्हणजेच दोष पुढे असेल तर मागे दिसेल आणि मागे असेल तर पुढे दिसेल, हे माझ्या डोक्यात तोवर आलंच नव्हतं. मी ज्या टोकाला कापाकापी केली त्याच टोकाला चोर शोधत बसलो.

चोर पकडायची युक्ती सोपी निघाली. मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्यावर, डिफरन्शियलच्या पोटाखाली जॅक लावला, वर लाकडाचा अरुंद ठोकळा, आणि मागची चाकं जमिनीपासून बोटभर उचलली. खबरदारी म्हणून चॅसीखाली बोटभर अंतर सोडून दोन्हीकडे स्टँड. आता मागचं टोक एका बिंदूवर तोललेलं, ते गाडीला कुठल्याच बाजूला ढकलू शकत नाही. कलंडायचं की नाही हे फक्त पुढच्या स्प्रिंगा ठरवणार. पुढची मडगार्डं मोजली. फरक १ मिमी.

एक! गॅरेजमध्ये एकटाच होतो, तरी मोठ्याने हसलो.

मग उलट केलं. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चॅसीच्या आडव्या तुळईच्या) मध्याखाली जॅक, पुढची चाकं अधांतरी, कारभार मागच्या पाट्यांकडे, म्हणजे एकावर एक रचलेल्या कमानदार पट्ट्यांच्या स्प्रिंगांकडे. मागे फरक २३. पाटे गाडीला २३ ने डावीकडे पाडत होते, पुढच्या कॉइल आणि बार मिळून त्यातलं निम्मं सावरत होते, उरले ११.

डावा पाट्यांचा जुडगा उतरवला. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट काढून पाटे वेगळे केले तेव्हा तिसऱ्या पाट्यावर सेंटर बोल्टच्या भोकातून आडवी निघालेली केसासारखी रेघ दिसली, कडेला बारीक लाल भुकटी. नखाने खरवडली तर रेघ दुसऱ्या कडेपर्यंत गेलेली. हातात घेतला आणि पाट्याचे दोन तुकडे झाले. वर-खाली इतर पाट्यांनी दाबून धरल्यामुळे बाहेरून काहीच दिसत नव्हतं. किती वर्षं असा होता कोण जाणे.

पण मग कापण्याआधी गाडी सरळ कशी होती? पुढच्या दोन्ही बाजू तेव्हा दोन मिमीच्या आत होत्या, जुन्या वहीत नोंद आहे. हा प्रश्न मनात आला तसा उठून भंगाराचा डबा पालथा केला. ती चकती. गंज घासून कॅलिपर लावला: १२ मिमी. ०.५५ ने भागले की चाकापाशी २२. म्हणजे आधीच्या मालकाने मागचा मोडका पाटा शोधण्याऐवजी पुढे डावीकडे पॅकिंग ठोकून गाडी सरळ केली होती, आणि मी ते काढून फेकलं. माझा चुकलेला हिशेबही त्यानेच जुळतो. एका बाजूचे २२ गेले की पुढचं टोक सरासरी ११ ने जास्त उतरणार. ४६ आणि ५७ ची सरासरी साडेएक्कावन्न, त्यातून ११ वजा केले की साडेचाळीस. सूत्र बरोबर होतं! हे वाक्य मी दोनदा वाचलं, तुम्हीही वाचा.

म्हणजे चकती आता परत लावायची नाही. पाटे दुरुस्त झाले की पुढच्या दोन्ही बाजू सारख्या होतील, जुन्या नोंदीपेक्षा साडेएक्कावन्न खाली; त्यातले ४१ वळशाचे, बाकीचे चकतीचे.

गाडीच्या मागच्या टोकाच्या योजनेत मात्र बदल. ठरलं होतं लोअरिंग ब्लॉकचं, अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळा सारून लांब यू बोल्ट घालायचे. ठोकळ्याने अ‍ॅक्सल पाट्यांपासून आणखी लांब जातो, क्लच सोडताना पाट्याला पडणारा पीळ वाढतो, आणि माझे पाटे कसे आहेत ते आत्ताच पाहिलं. शिवाय जुडगे उघडलेलेच आहेत. मग दोन्हींची कमान थोडी उतरवून घ्यावी, असं काल संध्याकाळपर्यंत पक्कं होतं. अडचण एकच, पाटा सपाट झाला की डोळ्यापासून डोळ्यापर्यंत लांब होतो आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चॅसीला जोडणारी झुलती पट्टी, मागे झुकतं. आणि हे लिहितानाच सुचतंय: मुख्य पाटा नवीन करावाच लागणार असेल, तर त्याचे डोळे वरच्या बाजूला वळवण्याऐवजी खालच्या बाजूला का वळवू नयेत? डोळ्याच्या व्यासाएवढी गाडी खाली येते, कडकपणा तोच, ठोकळा नको. बुशसह माझा डोळा मोजला तर ३८ मिमी भरतो. पुढच्या वळशाच्या ४१ ला अगदी जोडीदार. झालं, ब्लॉक रद्द.

तयार लोअरिंग स्प्रिंग विकणाऱ्या एकाला मधल्या काळात तारेची जाडी आणि कडकपणा विचारला होता. उत्तर आलं, “स्पोर्टी आहे.” बाकी मी बोलत नाही.

राहिलेल्या गोष्टी भराभर. पूर्ण लोंबकळलेल्या आर्मवर स्प्रिंग अजूनही घट्ट बसते, सैल होऊन खाचेतून निसटत नाही. हे न तपासता कोणी कापत असेल तर त्याने थांबावं. कॅम्बर थोडा ऋणात गेलाय, म्हणजे चाकं वरून जरा आत झुकलीत, ते चालेल. टो, म्हणजे चाकांची पुढून आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलाय, पाटे बसल्यावर दोऱ्या ताणून लावणार, आत्ता लावण्यात अर्थ नाही. खरी काळजी बम्प स्टॉपची, म्हणजे आर्म पार वर आला की ज्याच्यावर आदळतो त्या रबराची. आधी आर्म आणि रबरामध्ये ३५ मिमी होते, पाटे नीट झाल्यावरही सातेकच उरतील. स्प्रिंग १४ टक्के कडक झाली म्हणून काय झालं, प्रवास एक पंचमांश उरला तर ती कमतरता १४ टक्क्यांनी भरून निघत नाही. रबर छाटावं असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही, धक्का रबराने खाल्ला नाही तर तो क्रॉसमेंबर खाणार. बुटकं पण आतून पोकळ, हळूहळू घट्ट होत जाणारं रबर मिळतंय का बघतोय. आणि नाहीच मिळालं तर पुढे दोन्हीकडे सारख्या जाडीची पॅकिंग, ४ मिमीची, म्हणजे चाकापाशी सातेक परत वर.

सध्या म्हातारी मागून चार स्टँडवर आहे, पाटे लादीवर क्रमाने मांडलेत, आणि प्रत्येकाच्या टोकावर खडूने ‘डावा’, ‘उजवा’ लिहिलंय. चकतीवरही लिहिलंय. या वेळी डब्याबाहेर.