दप्तरातली चिठ्ठी

शनिवार, संध्याकाळ

'वर्गात लक्ष नाही, मस्ती करतो, पालकांनी भेटावे.' ही ओळ सोलापूरच्या पूर्व भागात घरी पोचते तेव्हा वडील यंत्रमागाच्या पाळीवरून नुकतेच आलेले असतात. आईच्या मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि हजार विड्या अजून पुऱ्या व्हायच्यात. 'मस्ती' म्हणजे नेमकं काय, हे त्या ओळीतून कळत नाही. पाठीत धपाटा बसतो. पुढच्या वेळी पोरगं ते पानच फाडून टाकतं. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७नं शाळेतल्या माराला बंदी घातली. अशी ओळ तोच मार घरी पाठवते.

शिक्षकांनी रोज घरी पाठवायची चिठ्ठी वेगळी हवी. वहीचं अर्धं पान, त्यावर फार तर तीन गोष्टी, त्याही करायच्या. 'गडबड करू नये' मोजता येत नाही. 'बोलण्याआधी हात वर केला' हे मोजता येतं. खूण प्रत्येक तास संपताच करावी. शाळा सुटताना एकदम भरली, तर शेवटच्या तासाचा राग सगळ्या दिवसावर सांडतो.

आधी चार-पाच दिवस नुसतं मोजावं. ८ तासांपैकी ३ तासांत जमत असेल तर पहिलं लक्ष्य ४. एकदम ८ ठेवलं की पोरगं आठवड्याच्या आतच नाद सोडतं.

बक्षीस त्याच संध्याकाळी, आणि पैशांचं नको: रात्री काय शिजवायचं ते त्यानं सांगायचं, किंवा गल्लीत अर्धा तास जादा क्रिकेट. 'रविवारी बघू' चालत नाही. लक्ष्य गाठलं नाही तर बक्षीस नाही, बस्स. ओरडा नाही, मार तर नाहीच. चिठ्ठी हरवली तरी तोच नियम, नाहीतर ती नेमकी वाईट दिवशीच हरवू लागते.

कित्येक घरांत बोली तेलुगू, आणि आईला मराठी वाचता येत नाही. तिथे शब्द नकोतच. भरलेला गोल म्हणजे जमलं, रिकामा म्हणजे राहिलं. भेटीची वेळ तिनं सांगावी, कारण विड्या कारखान्यात द्यायला जायची तिची वेळ ठरलेली असते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका मुलाबद्दल अक्षरही नको.

तीन आठवडे झाले तरी गोल रिकामेच राहिले, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. मागच्या बाकावरून फळा दिसत नसेल, तर शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं हीच त्याची 'मस्ती' असते.