आमची वाटचाल : एक परवाना आणि आकृत्यांचा साठा

२००४ साली भोसरीतील एका गाळ्याच्या माळ्यावर आम्ही काम सुरू केले, तेव्हा एक संगणक, ए-३ आकाराचा एक प्रिंटर आणि आकृत्या काढण्याच्या व्हिजिओ २००३ प्रोफेशनल या सॉफ्टवेअरचा एक परवाना एवढेच भांडवल आमच्यापाशी होते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना प्रोसेस फ्लो डायग्रॅम (भाग कोणत्या क्रमाने कोणत्या कामांतून जातो याचे चित्र), शॉप फ्लोअरचे लेआउट आणि यंत्राशेजारी लावायचे कार्यसूचनांचे तक्ते करून देणे हा आमचा व्यवसाय. भाग मंजूर करण्यापूर्वी वाहन कंपन्या पीपीएपीच्या (भागाच्या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांच्या) फाइलमध्ये फ्लो डायग्रॅम मागतात आणि त्यातले ऑपरेशन क्रमांक एफएमईए (संभाव्य दोषांचा तक्ता) व कंट्रोल प्लॅन (तपासणी व नियंत्रणाचा तक्ता) यांच्याशी तंतोतंत जुळावे लागतात. त्या काळी बहुतेक कारखाने हे चित्र एक्सेलच्या चौकटी रंगवून करत असत. मध्ये एखादे ऑपरेशन वाढले की सगळे पान नव्याने मांडावे लागे.

व्हिजिओची पहिली आवृत्ती १९९२ साली सिअ‍ॅटलच्या शेपवेअर या कंपनीने काढली आणि पुढे २००० साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनीच विकत घेतली. मूळ मंडळी पेजमेकर बनवणाऱ्या आल्डस कंपनीतून आलेली होती, हे कळल्यावर आमच्या भागीदारांना विशेष आनंद झाला, कारण त्यांची उमेदीची वर्षे पेजमेकरवर लग्नपत्रिका जुळवण्यात गेली होती. कोरल ड्रॉ त्यांच्या हातात मुरलेले असताना वेगळा खर्च कशाला, असा त्यांचा सुरुवातीचा आक्षेप होता. कोरलमध्ये चित्र अधिक देखणे होते, हे आजही मान्य आहे. परंतु आमच्या चित्रांना देखणेपणापेक्षा वारंवार होणारे बदल सोसावे लागतात.

व्हिजिओमध्ये दोन आकृत्या कनेक्टरने, म्हणजे जोडरेघेने, जोडल्या की एक आकृती हलवली तरी रेघ तिच्यामागून जाते, मात्र ती खरोखर चिकटलेली असली पाहिजे. २००३च्या आवृत्तीत कनेक्टर निवडल्यावर चिकटलेले टोक लाल दिसते आणि सुटे टोक हिरवे. हा फरक आम्ही पहिल्याच वर्षी किंमत मोजून शिकलो. घाईत सुधारलेल्या एका चित्रात उष्णोपचाराची आकृती खाली सरकली, सुटा राहिलेला बाण जागीच राहिला आणि भाग उष्णोपचार न होताच ग्राइंडिंगला जात असल्याचे कागदावर दिसू लागले. ग्राहकाच्या ऑडिटरने ते सर्वांसमोर वाचून दाखवले. तेव्हापासून छपाईपूर्वी प्रत्येक बाणाचे टोक तपासण्याची शिस्त आमच्याकडे आजतागायत पाळली जाते.

या सॉफ्टवेअरचे खरे बळ शेपशीटमध्ये आहे. प्रत्येक आकृतीच्या मागे एक तक्ता असतो आणि तिची रुंदी, उंची, कोन ही सगळी मापे त्यात सूत्ररूपाने नोंदलेली असतात. लेआउट काढताना नवशिका मुलगा जागेत बसावे म्हणून यंत्रच माउसने ओढून अरुंद करी. रुंदीच्या सूत्राला ‘गार्ड’ (माउसने ओढूनही माप बदलू न देणारे फलन) लावल्यावर १२०० मिलिमीटरचे यंत्र १२०० मिलिमीटरचेच राहू लागले. अशा यंत्रांच्या, पाट्यांच्या, ट्रॉल्यांच्या आकृत्या आणि ऑपरेशनसाठी वर्तुळ, तपासणीसाठी चौकोन, साठवणीसाठी उलटा त्रिकोण ही नेहमीची चिन्हे आम्ही स्वतःच्या स्टेन्सिलमध्ये, म्हणजे तयार आकृत्यांच्या फाइलमध्ये, जमवत गेलो. सॉफ्टवेअर बाजारात कोणालाही मिळते. आमचे अर्धे काम आजही या साठ्यावर चालते.

मराठी तक्त्यांची अडचण निराळी होती. सुरुवातीचे तक्ते आम्ही श्री-लिपी या स्वतःचे वेगळे फॉन्ट लागणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केले; ज्या कारखान्यात तो फॉन्ट नसे, तेथे ‘हातमोजे घाला’ याऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उमटे. पीडीएफ करण्याची सोयही २००३मध्ये अंगभूत नव्हती, म्हणून वेगळा पीडीएफ प्रिंटर बसवून वेळ निभावली. पुढे सर्व तक्ते युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) पुन्हा टाइप करण्यात एक अख्खा पावसाळा गेला.

२०१३च्या आवृत्तीपासून व्हिजिओची मूळ फाइल व्हीएसडीऐवजी व्हीएसडीएक्स झाली आणि ग्राहकांनी पाठवलेल्या फाइली आमच्या संगणकावर उघडेनाशा झाल्या. काही महिने आम्ही त्यांनाच जुन्या स्वरूपात सेव्ह करून पाठवण्याची विनंती करत राहिलो, पण हे किती दिवस चालणार? २०१४च्या एप्रिलमध्ये विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोहोंचा आधार (सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट) मायक्रोसॉफ्टने एकाच दिवशी थांबवला, तेव्हा नव्या आवृत्तीचा एक परवाना घेतला आणि जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढून टाकली.

जुन्या फाइली नव्या आवृत्तीत उघडतात, म्हणून सगळ्या एकदम न बदलता जे चित्र सुधारणेसाठी येते तेवढेच आम्ही नव्या स्वरूपात नेतो. रिव्हिजन क्रमांक पुढे जातो आणि मूळ व्हीएसडी जुन्या संगणकावर तशीच राहते. आता त्या संगणकाच्या पंख्याचा आवाज वाढला आहे. त्यावरील स्टेन्सिलच्या दोन प्रती वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवल्या असून, त्यांपैकी एक भागीदारांच्या घरच्या कपाटात आहे.