असईचा उतार शोधताना

जालना जिल्ह्यातल्या असईला निघालो तेव्हा घरच्यांनी विचारलं, "तिथं आहे काय बघायला?" खरं सांगायचं तर दोन नद्या, काळी शेतं आणि एक गाव. किल्ला नाही, तटबंदी नाही. पण २३ सप्टेंबर १८०३ ला इथंच इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन.

जालन्याहून राजूरमार्गे भोकरदन गाठलं. वाटेत राजूरच्या गणपतीचं दर्शन होतं, फक्त अंगारकीला तिकडे फिरकू नका. जेवण-पाणी भोकरदनलाच उरकलेलं बरं.

मला बघायचा होता तो उतार, म्हणजे नदी ओलांडता येईल अशी उथळ जागा. शिंद्यांचा तळ केळणा नदीपलीकडे पसरलेला आणि वेलस्लीचे वाटाडे सांगत होते, जवळपास उतार नाहीच. वेलस्लीला मात्र पिंपळगाव आणि वरूड ही गावं दोन काठांवर समोरासमोर दिसली. मग यांचं येणंजाणं कुठून होत असेल? उतार असणारच, असा त्यानं तर्क केला आणि तो बरोबर निघाला. फौज केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात उतरली.

आम्ही मात्र थेट पिंपळगाव रेणुकाई या भलत्याच गावाला पोचलो! तिथल्या मिरचीबाजाराच्या ठसक्यानं शिंका आल्या तेव्हा चूक कळली. तेव्हा नुसतं 'पिंपळगाव' विचारू नका, 'असईजवळचं' म्हणा.

अखेर नदीकाठी एक आजोबा भेटले. "बाबा, पूर्वी इथून पलीकडे जात होते का?"

"मंग? बैलगाड्या जायच्या की!"

लढाई सोपी मुळीच नव्हती. शिंद्यांच्या पदरचा युरोपीय सेनानी पोलमन यानं कवायती पलटणींची अख्खी रांग वळवून इंग्रजांसमोर उभी केली. चुकून असई गावाच्या रोखानं गेलेली इंग्रजांची ७४वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण शिंद्यांच्या तोफांनी भाजून काढली. इंग्रजांकडचे सुमारे १,६०० जण मेले वा जखमी झाले. हरलेल्यांच्या या तोफा डागणाऱ्या गोलंदाजांबद्दल आपण फारसं बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात जा, नदीला पाणी दिसेल. गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. काळ्या मातीनं माझ्या बुटांचं वजन दुप्पट झालं होतं. आम्हाला माहितीफलक कुठे दिसला नाही, म्हणून लढाईचा नकाशा छापून न्या. उभ्या पिकातून चालू नका, बांधानं जा. मुक्काम वाढवणार असाल तर सिल्लोडमार्गे अजिंठा गाठता येतो.