तुम्ही विचारलंत म्हणून : "लाइट कोणते वापरता?"

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांच्या कामाचे व्हिडिओ मी करतो. ते पाहणारे बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात : लाइट कोणते वापरता आणि केवढ्याला पडले? थोडक्यात सांगायचे तर सांगलीच्या गणपती पेठेत विजेच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतात ते ९ वॉटचे घरगुती एलईडी बल्ब, शंभरेक रुपयांना एक, आणि दोन मीटर पांढरी मलमल. मात्र नुसते बल्ब आणून तुमचे काम भागणार नाही, कारण चित्राला जे रूप येते ते बल्बांपेक्षा मलमलीमुळे येते.

तंबोऱ्याच्या पॉलिश चढलेल्या भोपळ्यासमोर उघडा बल्ब धरून पाहा. भोपळ्यावर बल्बच दिसतो : डोळ्यांना टोचणारा एक पांढरा ठिपका, आणि भोवती सगळे काळपट. चार बल्ब लावले तर चार ठिपके. तोच बल्ब ताणून बांधलेल्या मलमलीच्या मागे दीड-दोन फुटांवर ठेवला की अख्खा पडदा उजळतो आणि त्याची रुंद झळाळी भोपळ्याच्या गोलाईबरोबर वळत जाते. तबलीच्या, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेल्या फळीच्या, लाकडाचे रेषे आणि कडेची पांढरी नक्षी उठून दिसू लागते. उजेड कडक पडेल की मऊ, हे वॉटवर ठरत नाही. वस्तूच्या जागेवरून पाहिले असता उजेडाचा उगम केवढा दिसतो, यावर ते ठरते. म्हणून पडदा मोठा हवा आणि चौकटीत येणार नाही इतपत जवळ हवा. छायालेखक सुब्रत मित्र यांनी 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटासाठी स्टुडिओत उभारलेल्या बनारसच्या वाड्यात आभाळाचा उजेड आणला, तो वर ताणलेल्या पांढऱ्या कापडावरून दिवे परावर्तित करूनच. तेव्हा कापडाला कमी लेखू नये.

पडद्यासाठी मी कपडे वाळत घालण्याचा घडीचा स्टँड वापरतो आणि सावलीच्या बाजूला उजेड परतवण्यासाठी थर्माकोलचा एक ताव उभा करतो. मांडववाल्याकडचा ५०० वॉटचा हॅलोजन आणावा का, असेही काहीजण विचारतात. कारखान्याच्या छोट्या खोलीत, भुसा आणि पॉलिशच्या डब्यांशेजारी, तो मुळीच आणू नये. थर्माकोल तर त्याच्या आचेने वितळतोच. एलईडी बल्ब त्या मानाने थंड असला तरी त्याच्याभोवती कापड गुंडाळायचे नाही, कारण त्याच्या बुडाशी असलेल्या भागाला उष्णता बाहेर टाकायला मोकळी हवा लागते.

खरी काळजी खरेदीच्या वेळी घ्यावी लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे, बल्बच्या आतला ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे सर्किट) हलक्या प्रतीचा असला की उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. दुकानदार बल्ब होल्डरला लावून दाखवतोच. त्याच वेळी मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये तो टिपून पाहावा आणि लुकलुकणारा बल्ब तिथेच परत करावा. चित्रीकरण करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की पट्ट्यांचा त्रास बहुतांशी टळतो. उजेड कमी करण्यासाठी पंख्याचा रेग्युलेटर जोडण्याची युक्ती वायरमनही सुचवतात, पण साधा एलईडी बल्ब त्यासाठी बनवलेला नसतो. तो लुकलुकतो किंवा जातो. त्यापेक्षा बल्ब मागे सरकवावा. उघड्या बल्बचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई होतो. याच हिशेबाचा दुसरा फायदा असा की, पडद्यासकट सगळी मांडणी कारागिराच्या जवळ आणली की मागच्या भिंतीवरचा पसारा आपोआप अंधारात जातो.

रंगाबाबत माझा आग्रह जरा कडक आहे. खिडकी उघडी असेल तर खोक्यावर ६५०० के (केल्विन, म्हणजे उजेडाच्या रंगाचे माप) छापलेले बल्ब लावावेत, म्हणजे ते दिवसाच्या उजेडाशी बरेचसे जुळतात. रात्री ३००० के चालतात. दोन्ही मिसळले तर एक गाल निळा आणि एक पिवळा दिसतो. बल्ब एकाच रंगाचे लावले की पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे अशी कॅमेऱ्याची रंगजुळणी) करून तो लॉक करावा. तरीही लालसर पॉलिश मातकट दिसत असेल, तर दोष बल्बच्या सीआरआयचा, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणाऱ्या १०० पैकीच्या आकड्याचा, असतो. घरगुती बल्बांत तो साधारण ८० असतो आणि तांबड्या छटा त्यात फिक्या पडतात. ९० किंवा अधिक छापलेला बल्ब मिळाला तर थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत. खोक्यावर आकडाच नसेल, तर दुकानात दोन बल्बांखाली आळीपाळीने आपला तळहात धरून पाहावा. ज्याच्याखाली तो गुलाबी दिसेल, तो घ्यावा, आणि लागतील तेवढे सगळे एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले मागून घ्यावेत.