यातला 'मी' कोण?

रविवार, रात्री साडेदहा

आज भाची तिच्या एफवायच्या नोट्स घेऊन आली होती. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, निवेदन, सगळ्याच्या दोन-दोन ओळींच्या व्याख्या तोंडपाठ. मी मेथी निवडत होते. तिनं सहज विचारलं, "आत्या, गोष्ट सांगणारा निवेदक म्हणजे लेखकच ना?"

माझा हात थांबला. तिच्या वयात मीही तेच समजत होते.

हात धुतले आणि कपाटातून 'पण लक्षात कोण घेतो' काढलं. पहिली काही पानं तिला मोठ्यानं वाचायला लावली आणि विचारलं, "यातला 'मी' कोण?" "यमू." "आणि लिहिलं कुणी?" ती मुखपृष्ठाकडे बघतच राहिली. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा ते जेमतेम सव्वीस वर्षांचे होते. त्या तरुणानं स्वतःचा आवाज बाजूला ठेवला आणि यमूला बोलू दिलं. हीच कादंबरी तृतीयपुरुषी निवेदनात, म्हणजे कुणा बाहेरच्यानं सांगितलेली असती, तर विधवा यमूचं केशवपन आपण दारात उभं राहून बघितलं असतं. इथे जिच्या डोक्यावरून वस्तरा फिरला तीच सांगते. मला तर तो भाग अजूनही एका बैठकीत वाचवत नाही.

कथानकाचं मी दोन वाक्यांत उरकलं: काय घडलं ती गोष्ट, कशामुळे घडलं आणि कोणत्या क्रमानं सांगितलं ते कथानक. तेवढं तिला पुरलं. पण निवेदकापाशी मला थांबावंसं वाटलं, म्हणून 'ययाति' काढली. खांडेकरांच्या या 1959 च्या कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात. कॉलेजात असताना ययातीचं ऐकून मी देवयानीवर भयंकर चिडले होते. शर्मिष्ठेला दासी करणारी, नवऱ्याला समजून न घेणारी, असं बरंच काही. मग देवयानी स्वतः बोलायला लागली. जिच्यावर तिचं आधी प्रेम होतं त्या कचानं नाकारल्याचं तिचं दुखणं कळलं आणि माझा राग कुठे ठेवावा तेच कळेना. ती बरोबर होती असं मी आजही म्हणणार नाही. पण ययाती सांगत होता ते ययातीला दिसलेलं होतं, एवढं त्या दिवशी पक्कं समजलं. त्यानंतर कुठलीही कादंबरी उघडली की आधी बघते, हे सांगतंय कोण, आणि त्याला काय दिसत नाहीये.

भाचीनं नोट्सवर पेन्सिलीनं लिहिलं, 'निवेदक हेही पात्रच असू शकतं.' व्याख्येपेक्षा हे मला कितीतरी आवडलं.

जेवणं झाल्यावर ती 'ययाति' घेऊन आतल्या खोलीत गेली. आत्ता दार ढकलून आली होती. "आत्या, सगळे कचाबद्दल इतकं बोलतात. मग तो स्वतः का नाही बोलत?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुस्तक तिच्याकडे आहे, उद्या ते मागून घ्यायला हवं.